समुद्रापलीकडची पाळ

पासपोर्टच्या अर्जात 'व्यवसाय' असा एक रकाना होता. अर्ज मी भरत होतो आणि डोमाभाऊ, खुर्ची रिकामी असताना, उंबऱ्याला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. मी विचारलं, "काय लिहू?" शेतकरी लिहा म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "पानी थांबवतो, असं लिवा जी." मी शेतकरी असंच लिहिलं. सरकारला पाणी थांबवणारा माणूस म्हटला की माझ्यासारखा डिप्लोमा घेतलेला ओव्हरसियर तेवढा ठाऊक होता. जन्मतारखेचा आणखीच घोळ झाला. गावात मोठा पूर आला त्या साली ते म्हशीवर बसायला शिकले होते, एवढाच पुरावा. त्यावरून आम्ही दोघांनी मिळून त्यांचं वय अठ्ठावन्न ठरवलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण मी तिथे होतो तोवर दर वर्षी ते अठ्ठावन्नच सांगत.

हा माणूस आफ्रिकेत गोल्ड कोस्टला निघाला होता. पुढे त्याच देशाला घाना म्हणू लागले. पगार नाही, भत्ता नाही, नुसतं जाणं-येणं आणि दोन वेळचं जेवण. एका दूरच्या गावाला तलाव बांधून द्यायचा होता. ज्या माणसानं आयुष्यात चांद्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, त्याला मी आगबोटीत बसवायला निघालो होतो.

आमची ओळख कशी झाली ते सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगतो. वर्ध्याकडून माझी बदली वडशाच्या विकास खात्यात झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. वडशाहून चार कोसांवर, जंगलाच्या कडेला एका गावात लहानसा तलाव मंजूर झाला. मी तीन दिवस लेव्हलची दुर्बीण लावून जागा पक्की केली आणि खुंट्या ठोकल्या. त्या तिन्ही दिवशी मोहाच्या सावलीत एक उंच, वाळलेला म्हातारा पागोटं गुडघ्यावर ठेवून बसलेला असायचा. चौथ्या दिवशी तो उठून आला आणि म्हणाला, "साहेब, तुमची दुर्बीन लय बेस हाय. पन हे जागा कोनाले इचारली काय?"

मी म्हटलं, उतार बरोबर आहे, विचारायचं काय त्यात. त्यांनी वाद घातला नाही. शेजारून गुरं घेऊन चाललेल्या एका बाईला हाक मारली आणि या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, पावसाळ्यानंतर पाणी किती दिवस राहतं असं विचारलं. बाई म्हणाली, दोन दिवस, मग सारं खेकड्यांच्या बिळात जातं. माझी जागा म्हणजे चाळण होती. डोमाभाऊ एवढंच म्हणाले, "दुर्बिनीले उतार दिसते, बिळं नाई दिसत." माझं नाक कापलं गेलं होतं, पण कापणाऱ्यानं गावात जाऊन सांगितलं ते असं की साहेबांनी स्वतःच जागा बदलली, साहेब हुशार आहेत. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

जातीनं ते कोहळी. गोंड राजांच्या अमलापासून या मुलखात तलाव बांधत आलेली ही माणसं. डोमाभाऊंना अक्षर येत नव्हतं, पण कुठलीही जमीन त्यांच्याशी बोलल्याशिवाय राहत नसे. चालताना ते टाच आधी टेकवत आणि मध्येच थांबून मागे बघत. पाणी सोडून दुसरं काही ते बघू शकत नसत. हिवाळ्यात वडशाला नाटकाचा मोठा मंडप उभा राहिला, त्यांना मी आग्रहानं घेऊन गेलो. राजा सिंहासनावर बसून तलवार परजत होता, बायाबापड्या रडत होत्या आणि डोमाभाऊ माझ्या कानाशी म्हणाले की मंडप उतारावर टाकला आहे, पाणी आलं तर राजा पहिला वाहून जाईल. मला हसू आवरेना. पुढच्या रांगेतल्या बायकांनी आमच्याकडे असं पाहिलं की अंक संपायच्या आत आम्हाला उठावं लागलं.

एका परदेशी स्वयंसेवक मंडळाची माणसं त्या सुमारास आमच्या भागात येऊन गेली. गोल्ड कोस्टच्या उत्तरेला एका गावात उन्हाळाभर बायका दोन-दोन कोसांवरून पाणी आणतात, तिथे यंत्राशिवाय, टोपल्या-कुदळीनं तलाव उभा करणारा माणूस त्यांना हवा होता. खरं म्हणजे आधी त्यांनी मलाच विचारलं. मला नुकताच मुलगा झाला होता हे कारण मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण असं की मला भीती वाटली. मी डोमाभाऊंचं नाव पुढे केलं. डोमाभाऊंनी त्यांना माझ्या तोंडून एकच प्रश्न विचारला, की तलाव त्या गावाला पाहिजे आहे की तुम्हाला? गावानंच मागितला आहे असं उत्तर आलं तेव्हा ते हो म्हणाले. फुकट का जाता असं लोकांनी विचारलं तर ते चकित व्हायचे. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, घालण्याचं काम पगारावर होतं हेच त्यांना नवीन होतं.

दसरा झाल्यावर ते गेले आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी परतले. त्यानंतर कितीतरी बाजाराच्या दिवशी ते माझ्या ओसरीवर बसून तिकडच्या गोष्टी सांगत. त्या गावाचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, आणि ते स्वतः 'आपला तो गाव' असंच म्हणत. तिकडचे लोक भेटले की आधी घरच्यांची, गुरांची, पिकाची ख्यालीखुशाली सावकाश विचारतात आणि मगच कामाचं बोलतात, हे त्यांना फार आवडलं होतं. आपल्याकडे माणूस भेटला की आधी बिडी मागतो, म्हणाले. जेवायला तिथे बाजरीच्या पिठाचा घाटा आणि भेंडीसारखी बुळबुळीत भाजी. तोंडातल्या तोंडात फिरायचा, पण वाढणारी बाई समोर बसून बघायची म्हणून दोन वेळा मागून घेत. बोलणं हातवाऱ्यांनी आणि तिथल्या शाळेच्या फुसेनी मास्तरांमार्फत चालायचं. या मास्तरांचं इंग्रजी आणि बरोबर गेलेल्या स्वयंसेवकांचं मोडकं हिंदी यातून गाळून जे उरेल ते डोमाभाऊंपर्यंत पोहोचे. तेवढ्यावर त्यांचं भागलं.

पाळ दाबायची वेळ आली तेव्हा मात्र अडचण झाली. आपल्याकडे ओल्या मातीवरून म्हशी फिरवतात, म्हणजे पाळ घट्ट बसते. तिथे म्हैस औषधालाही नव्हती. डोमाभाऊंनी मास्तरांना सांगितलं, शंभर पाय पाहिजेत, कोणाचेही चालतील. दुसऱ्या दिवशी सगळं गाव ढोल घेऊन पाळीवर आलं आणि संध्याकाळपर्यंत नाचलं. थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, नाचायचं. महिनाभर असं चाललं. अशी घट्ट पाळ त्यांनी जन्मात पाहिली नव्हती म्हणे. मी विचारलं, तुम्हीही नाचलात का? त्यांनी आधी आत माझ्या बायकोकडे बघितलं, मग हळूच म्हणाले, "नाचलो जी. घरी नोका सांगू."

एक गोष्ट मात्र त्यांना डाचत होती. त्यांच्या घराण्याचा नेम असा, की पाळ बांधणाऱ्यानं पहिल्या पावसाळ्यात पाळीवर मुक्काम करायचा आणि पहिलं पाणी डोळ्यानं बघायचं. पाळ कुठे खचते, लाटा कुठे लागतात, हे बघून तिथल्या तिथे दगड-माती घालायची. पण मंडळाची मुदत पाऊस सुरू होण्याआधीच संपली, सगळे परतले आणि त्यांनाही परतावं लागलं. "लेकरू झालं आन तोंड नाई पाह्यलं, असं झालं," असं ते म्हणाले होते. मी त्यांना समजावलं की तिथे मास्तर आहेत, ते बघतील. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

श्रावणात फुसेनी मास्तरांचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. मी ते आधी मनात वाचलं आणि डोमाभाऊंसमोर कसं वाचावं ते मला कळेना. पाळ फुटली होती. तिसऱ्या वादळात पाळीची पश्चिमेची बाजू, तिचा पश्चिमेकडचा हात, वाहून गेला, पाणी खालच्या रानात गेलं, माणूस कोणी दगावलं नाही, पण दोन शेतं धुपून गेली. मास्तरांनी दोष कोणाला दिला नव्हता. सहज लिहावं तसं लिहिलं होतं की आमच्याकडे पाऊस नेहमी पूर्वेकडून येतो, आधी मोठा वारा सुटतो, आणि तासभर लाटा पश्चिमेच्या अंगावर आपटत राहिल्या.

डोमाभाऊंनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग अंगणात उतरून काडीनं धुळीत पाळ काढली आणि तिच्याकडे पाहत उभे राहिले. आपल्या मुलखात पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो. लाटा पाळीच्या पूर्वेकडच्या हातावर धडकतात, म्हणून दगडांचं अस्तर तिकडे लावायचं आणि पश्चिमेकडे नुसती माती आणि गवत ठेवायचं, असं त्यांच्या बापानं, आज्यानं, पणज्यानं केलेलं. तिथेही त्यांनी तसंच केलं होतं. पाऊस दुसरीकडून येऊ शकतो हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, आणि गावाला काय, पाऊस पूर्वेकडून येतो हे कोणाला सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

"जमिनीचं सारं इचारलं मी," ते म्हणाले. "आभाळाचं इचारलंच नाई." मला गुरं घेऊन जाणारी ती बाई आठवली. मला शिकवलेली गोष्ट हा माणूस स्वतः चुकला होता आणि ते त्याला माझ्याआधी कळलं होतं.

पंचाईत अशी, की दोनच दिवसांनी चांद्याला त्यांचा सत्कार ठरला होता. जिल्ह्याचे मोठे अधिकारी येणार, शाल-श्रीफळ द्यायचं, झाडीचा, म्हणजे आमच्या जंगलपट्ट्यातला, कारागीर परदेशात जाऊन आला म्हणून भाषणं व्हायची. आमच्या विकास अधिकाऱ्यांनी हे सगळं महिनाभर खपून जुळवलं होतं. पत्राची बातमी ऐकून ते म्हणाले की वादळ म्हणजे दैवी आपत्ती, तिचा उल्लेख करायचं कारण नाही. मीही डोमाभाऊंना तेच सांगितलं. आजही त्याची मला लाज वाटते. त्यांनी ऐकून घेतलं.

सत्कार झाला. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते उठले, शाल अंगावर तशीच होती. म्हणाले, "मी तेथी पाळ बांधली. ते फुटली. वाऱ्याचा दोष नाई, वारा त त्यायचा नेहमीचाच हाय. मी इचारलं नाई, हे माहा दोष." मग त्यांनी शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि पाळ उभी राहिली की द्या म्हणून सांगितलं. मागच्या बाकांवरच्या लोकांना भाषण संपलं एवढंच कळलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे विकास अधिकारी पुढे महिनाभर माझ्याशी सरळ बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत मी डबा उघडला तेव्हा डोमाभाऊंनी भाताला हात लावला नाही. बरं नाही का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी घराण्याचा दुसरा नेम सांगितला. ज्याची पाळ फुटेल त्यानं ती पुन्हा उभी राहून एक पावसाळा झेलेपर्यंत तांदळाचा दाणा तोंडात घालायचा नाही. तांदूळ हे तलावाचं धान्य, ज्याला तलाव राखता आला नाही त्याचा त्यावर हक्क नाही. आजोबांवर एकदाच ही पाळी आली होती, बापावर कधी नाही.

वाचणाऱ्याला हे सोपं वाटेल. पण झाडीतला माणूस तीन वेळ भात खातो, आणि भाताशिवाय पोट भरतं यावर त्याचा विश्वास नसतो. डोमाभाऊंच्या घरी ज्वारीची भाकर कोणी थापलीच नव्हती. त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, थापायला घेतली तर तिचे परातीतच चार तुकडे व्हायचे. शेवटी त्या वडशाला आल्या आणि माझ्या बायकोजवळ, ती ज्वारी खाणाऱ्या वर्ध्याकडची, दोन दिवस बसून भाकर शिकल्या. थापता थापता नवऱ्याला शिव्या देत होत्या. "समुद्राच्या पल्याडची पाळ फुटली आन इथी माहे हात पोळून राह्यले," म्हणत होत्या. तरी बाजाराच्या दिवशी चांगली ज्वारी निवडून न्यायच्या त्याच.

गावात लोकांनी नाना तऱ्हांनी समजावलं. ती पाळ परक्या देशातली, इथल्या भाताशी तिचा काय संबंध? डोमाभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं, "बांधली त मीच ना." लग्नाच्या पंगतीत ते भाकर बांधून न्यायचे. सगळ्यात कठीण दिवस नव्या धानाचा. स्वतःच्या बांधीतलं नवं धान घरात आलं, पहिला भात शिजला, वास सगळ्या गल्लीत दरवळला. मी त्या दिवशी त्यांच्याकडे होतो. नातवंडं भात खात होती आणि म्हातारा भाकर कुस्करून दुधात भिजवत होता. मला तो वास सहन होईना, मी बाहेर येऊन उभा राहिलो. त्यांचं वजन उतरलं होतं, गालाची हाडं वर आली होती. मला वाटलं, तिकडचं गाव पाळ पुन्हा बांधायच्या आधी हा माणूस जातो की काय.

तिकडे पुन्हा जायची त्यांची तयारी होती. मंडळाकडून उत्तर आलं की या वयाच्या माणसाला पुन्हा पाठवता येणार नाही. अठ्ठावन्न हे वय मीच लिहिलं होतं. तेव्हा उरलं ते पत्र. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. आधी सगळ्या घरांची, गुरांची, पिकाची चौकशी, एक पानभर. मग ज्या दोघांची शेतं गेली त्यांची माफी. मग काम. पश्चिमेच्या हाताला दगड लावा, पूर्वेचे काढू नका. दगडाखाली बारीक मुरूम घाला. आणि मग त्यांनी मला थांबवलं, बराच वेळ पागोट्याचं टोक हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "असं लिवा का तुमचा वारा तुमाले मालूम. मले नाई मालूम. माह्या बोलन्यात आन तुमच्या डोळ्यात फरक पडला त डोळ्याचं आयका." शेवटी विचारलं, की पहिलं पाणी बघायला पाळीवर कोण बसणार? कोणी तरी बसलं पाहिजे.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुढचा पावसाळा आला. दर बाजाराला डोमाभाऊ माझ्या दारात उभे राहायचे आणि कागद आला काय असं विचारायचे. मी नाही म्हणायचो. ते बाजार करून परत जायचे.

दुसऱ्या वर्षीचा दसरा उलटला तेव्हा माझी सिरोंच्याला बदली झाली होती. सामान बांधून झालं होतं, भांड्यांच्या पेट्या दोरीनं आवळलेल्या, सकाळी निघायचं. त्याच दुपारी टपाल आलं आणि डोमाभाऊ मला निरोप द्यायला आले ते त्याच्या मागोमाग. मी पत्र उभ्या उभ्याच फोडलं.

मास्तरांनी उशिराबद्दल क्षमा मागितली होती. कळवण्यासारखं काही झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं त्यांनी. पुढचे शब्द त्यांचेच. कोरड्या दिवसांत गावानं पाळ पुन्हा बांधली. पश्चिमेच्या हातासाठी लागणारे दगड बायकांनी लांबच्या टेकडीवरून डोक्यावर आणले. तुम्ही सांगितलं त्यापेक्षा चार हात पुढपर्यंत दगड लावले, कारण लाट तिथपर्यंत जाते हे आमच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या पावसात पाळीवर माझी आई बसली. तिचं नाव अझारा. पुरुषांनी तिला घरी जायला सांगितलं, ती उठली नाही, चटई डोक्यावर घेऊन बसून राहिली. पाच वादळं झाली. पाळ आहे. तलावात पाणी आहे आणि आमच्या बायका आता गावातच पाणी भरतात.

मी वाचायचा थांबलो. डोमाभाऊ उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी विचारलं, "गेल्या साली दोन वावरं गेले म्हंत होते. कोनाचे होते ते?"

मी जुनं पत्र पेटीतून काढून पाहिलं. त्यात होतं. एक शेत मास्तरांच्या आईचं होतं. तेव्हा मी ती ओळ वाचली असेन, पण तिच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

"तेच बाई?"

"तीच," मी म्हणालो.

डोमाभाऊंनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. माझेही भरले होते. थोड्या वेळानं त्यांनी आत बघून माझ्या बायकोला हाक मारली.

"बाई, भात हाय काय जी?"

घरात भात नव्हता, तांदूळ नव्हता, पातेलं पेटीत होतं. तिनं पेटीची दोरी सोडली, शेजारून वाटीभर तांदूळ आणला, विझवलेली चूल पुन्हा पेटवली आणि दुसऱ्या चुलीवर डाळ चढवली. पत्रावळीवर वाफाळता भात वाढला. डोमाभाऊंनी पहिला घास उचलला आणि पत्रावळीच्या कडेला काढून ठेवला. "अझाराबाईचा," म्हणाले. आणि मग नुसत्या मिठाशी ते खाऊ लागले. वरण शिजायची वाट त्यांनी पाहिली नाही.